विद्युत फोर्कलिफ्टच्या नियंत्रण परिपथातील दोषशोधन : संकेतांकाकडून कारणाकडे

बीजसंज्ञा : फोर्कलिफ्ट, नियंत्रक, कॉन्टॅक्टर, संकेतांक, विद्युतदाबातील घट, सुरक्षा-स्विच

प्रस्तावना

भिवंडीची गोदामे, न्हावाशेवा बंदरालगतची माल-भांडारे, नाशिक जिल्ह्यातील द्राक्षांची शीतगृहे अशा ठिकाणी मालाची चढ-उतार आज मोठ्या प्रमाणावर फोर्कलिफ्टच्या साहाय्याने केली जाते. बंदिस्त जागेत, आणि विशेषतः खाद्यपदार्थांच्या साठवणुकीत, डिझेलचा धूर नकोसा असल्याने बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टला पसंती मिळते. हे यंत्र बंद पडले की त्याच्या पडद्यावर बहुधा एक दोन अंकी क्रमांक उमटतो. दुरुस्ती करणारा पुस्तिकेत तो क्रमांक शोधतो, त्यासमोर ज्या भागाचे नाव असेल तो भाग बदलतो आणि यंत्र सुरू झाले नाही तर शेवटी नियंत्रकच बदलण्याची शिफारस करतो. नियंत्रक हा या यंत्रातील सर्वांत महाग इलेक्ट्रॉनिक भाग होय. नवा नियंत्रक बसवल्यावरही तोच क्रमांक पुन्हा दिसावा, हा प्रकार या क्षेत्रात अपवादात्मक नाही.

या अपयशाचे मूळ कौशल्याच्या अभावापेक्षा विचारपद्धतीत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. संकेतांक म्हणजे निदान नव्हे. ते नियंत्रकाने नोंदवलेले एक निरीक्षण होय. निरीक्षण जिथे नोंदवले गेले ती जागा आणि दोष जिथे आहे ती जागा या दोन्ही एकच असतील, याची शाश्वती नसते. हा भेद यंत्राच्या रचनेतून कसा उद्भवतो आणि साध्या मल्टिमीटरने तो कसा ओलांडता येतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. पदार्थविज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स व व्यावसायिक अभ्यासक्रम शिकवणाऱ्या अध्यापकांना ओहमच्या नियमाचे एक जिवंत उदाहरण म्हणूनही या विवेचनाचा उपयोग व्हावा.

यंत्राची रचना आणि अनुमतींची साखळी

विद्युत फोर्कलिफ्टमध्ये दोन परिपथ एकमेकांत गुंतलेले असतात. पहिला शक्ती-परिपथ : बॅटरी, मुख्य फ्यूज, मुख्य कॉन्टॅक्टर, नियंत्रक आणि मोटर. यातून शेकडो अँपिअर धारा वाहते. दुसरा नियंत्रण परिपथ : किल्लीचा स्विच, आणीबाणीचा स्विच, आसनाखालील स्विच, हातब्रेकचा स्विच, दिशादर्शक स्विच, अ‍ॅक्सिलरेटर आणि कॉन्टॅक्टरची कॉइल. यातील धारा एखाद्या अँपिअरच्या आतबाहेर असते. यंत्र बंद पडते तेव्हा संशय पहिल्यावर जातो. दोष मात्र पुष्कळदा दुसऱ्यात असतो.

प्रारंभीच्या यंत्रांत वेगनियंत्रण रोधकांच्या टप्प्यांनी होत असे. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर विकसित केल्यानंतर धारा तुकड्या-तुकड्यांनी सोडणारे नियंत्रक आले, पुढे मॉसफेटने थायरिस्टरची जागा घेतली, आणि गेल्या काही दशकांत ब्रश असलेल्या डीसी मोटरऐवजी तीन-कला एसी मोटर रूढ झाली. या प्रवासाचा दोषशोधनावर झालेला परिणाम महत्त्वाचा आहे. जुन्या यंत्रात स्विच दाबला की कॉन्टॅक्टर थेट ओढला जाई. कारण आणि परिणाम यांच्यात एक तार असे. आजच्या यंत्रात त्या दोहोंमध्ये संगणकीय आज्ञावली बसलेली आहे. स्विच केवळ विनंती करतो, निर्णय नियंत्रक घेतो.

किल्ली फिरवल्यापासून चाक हलेपर्यंतचा क्रम असा असतो. नियंत्रक प्रथम स्वतःची तपासणी करतो. त्यानंतर तो आपल्या आतील मोठी धारित्रे एका रोधकामार्गे हळूहळू भारित करतो. ही पायरी वगळली, तर कॉन्टॅक्टर मिटताक्षणी रिकाम्या धारित्रांत प्रचंड धारा धावते आणि संपर्कबिंदू ठिणगीने एकमेकांना चिकटतात. धारित्रांचा दाब बॅटरीच्या दाबाजवळ आल्यावरच मुख्य कॉन्टॅक्टर ओढला जातो. मग आसनाचा स्विच, ब्रेकचा स्विच व दिशा यांची अनुमती पाहून, आणि या सर्वांपूर्वी अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला नव्हता याची खात्री करून, मोटरला धारा दिली जाते. या साखळीतील एक कडी निखळली तरी यंत्र थांबते, आणि ते तसे थांबावे अशीच त्याची रचना आहे.

संकेतांक नेमके काय सांगतो?

कर्टिस कंपनीचे १२३६ व १२३८ या मालिकांतील नियंत्रक उदाहरणादाखल घेऊ. त्यांत ३८ हा संकेतांक मुख्य कॉन्टॅक्टर चिकटल्याचा, तर ३९ हा तो न मिटल्याचा आहे. नियंत्रकाला कॉन्टॅक्टर दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त स्वतःच्या धारित्रांवरील दाब. आज्ञा दिल्यानंतरही दाब टिकला नाही, म्हणजे कॉन्टॅक्टर मिटला नसावा, असे अनुमान तो काढतो. वास्तविक कॉन्टॅक्टर व्यवस्थित मिटलेला असेल आणि मुख्य फ्यूज वितळलेला असेल, तरी दृश्य तेच. कॉइलच्या तारेचा लग ढिला असेल, तरीही तेच.

४७ हा संकेतांक अधिक बोधप्रद आहे. अनुमती मिळण्यापूर्वीच अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला आढळला, असा त्याचा अर्थ. साहजिकच अ‍ॅक्सिलरेटर बदलला जातो. परंतु खडबडीत फरशीवरून जाताना चालक आसनावर उसळतो, आसनाखालचा झिजलेला स्विच क्षणभर उघडतो, अनुमती जाते आणि लगेच परत येते. त्या वेळी चालकाचा पाय मात्र पेडलवरच असतो. नियंत्रकाच्या दृष्टीने हा क्रमभंग होय. दोष आसनाचा, आरोप अ‍ॅक्सिलरेटरवर! चालकाला ‘नेमके कुठे आणि काय करताना थांबले’ हे विचारल्याशिवाय हे उमगत नाही. म्हणून चालकाची जबानी हे दोषशोधनातील पहिले उपकरण मानावयास हवे. आपल्याकडे हे उपकरण फारसे वापरले जात नाही. चालक कंत्राटी असतो, मेकॅनिक बाहेरून आलेला असतो आणि दोघांची भेटच होत नाही.

४१ व ४२ हे संकेतांक अ‍ॅक्सिलरेटरच्या सरकत्या टोकावरील दाब अनुक्रमे प्रमाणापेक्षा जास्त व कमी असल्याचे दर्शवतात. येथे थोडा विचार केला तर संकेतांकच दिशा दाखवतो. तीन तारांच्या पोटेन्शिओमीटरमध्ये पुरवठ्याची तार तुटली तर मधल्या टोकावरील दाब शून्याकडे जातो. परतीची तार तुटली तर तो पुरवठ्याच्या दाबाकडे चढतो. म्हणजे ‘जास्त’ दिसल्यास परतीची तार व तिचा कनेक्टर आधी पाहावा. पोटेन्शिओमीटर निर्दोष असूनही ही दोन्ही लक्षणे संभवतात.

एसी मोटरच्या यंत्रांत एन्कोडर हा आणखी एक मायावी घटक आहे. मोटर कोणत्या दिशेने व किती वेगाने फिरत आहे, हे तो दोन स्पंदमालिकांच्या द्वारे नियंत्रकास कळवतो. त्यातील एक मालिका खंडित झाली की नियंत्रक अंधारात चाचपडू लागतो : यंत्र गचके देते, मुंगीच्या पावलाने सरकते, मोठी धारा ओढते आणि थांबते. पाहणाऱ्याला हा मोटरचा किंवा नियंत्रकाच्या शक्ती-विभागाचा दोष वाटतो. त्यातही ज्या रचनांत एन्कोडर आणि अ‍ॅक्सिलरेटरचा संवेदक यांना एकाच ५ व्होल्टच्या पुरवठ्यातून वीज मिळते, तिथे एन्कोडरच्या केबलमधील शॉर्ट अ‍ॅक्सिलरेटरचा दोष म्हणून प्रकट होऊ शकतो. अशा वेळी एन्कोडरचा कनेक्टर काढून तो ५ व्होल्ट दाब परत येतो का, हे पाहणे दोन मिनिटांचे काम आहे.

भाररहित मापनाचा फसवेपणा

नियंत्रण परिपथात सर्वाधिक दिशाभूल करणारी गोष्ट म्हणजे मल्टिमीटरवरील ‘बरोबर’ दिसणारा आकडा. हे एका हिशेबाने स्पष्ट होईल.

४८ व्होल्टच्या यंत्रातील कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा रोध थंड असताना १०० ओहम आहे, असे मानू. मालिकेतील एका मायक्रोस्विचचे संपर्कबिंदू गंजून त्यांचा रोध ३० ओहम झाला आहे. मेकॅनिक कॉइलची तार काढून तिच्यावर दाब मोजतो. धारा वाहत नसल्याने ३० ओहमवर कोणतीही घट होत नाही आणि मीटर पूर्ण ४८ व्होल्ट दाखवतो. ‘सप्लाय ठीक आहे, कॉइल गेली’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात कॉइल जोडल्यावर एकूण रोध १३० ओहम, धारा ०.३७ अँपिअर, आणि कॉइलच्या वाट्याला जेमतेम ३७ व्होल्ट येतात. एवढ्यावरही कॉन्टॅक्टर ओढला जाईल. म्हणूनच सकाळी यंत्र चालते.

आता दुपार होते. बॅटरी उतरलेली असते आणि दाब ४२ व्होल्टपर्यंत खाली आलेला असतो. कॉइल तापलेली असते. तांब्याचा रोध प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. तापमान ५० अंशांनी वाढल्यास १०० ओहमचे जवळपास १२० ओहम होतात. धारा आता ४२ भागिले १५०, म्हणजे ०.२८ अँपिअर. निर्दोष थंड कॉइलमधून ४८ व्होल्टला ०.४८ अँपिअर धारा वाहिली असती. त्या मानाने ही केवळ ५८ टक्के. चुंबकाची ओढ दाबावर नव्हे तर धारेवर अवलंबून असते. परिणामी कॉन्टॅक्टर कुरकुरतो, अर्धवट ओढला जातो किंवा ओढलाच जात नाही. संध्याकाळी मेकॅनिक येईपर्यंत कॉइल निवते, बॅटरी चार्ज होते आणि यंत्र ‘आपोआप’ बरे होते. असे दोष गूढ वाटतात. पण त्यांत शालेय पदार्थविज्ञानाबाहेरचे काही नाही.

यावरून मापनाचा नियम निघतो : परिपथ जोडलेला आणि कार्यरत असतानाच मोजावे, आणि दाब ‘आहे का’ हे न पाहता तो ‘कुठे हरवतो’ हे पाहावे. बंद असलेल्या निर्दोष स्विचच्या दोन टोकांत मीटर लावल्यास वाचन जवळपास शून्य यावयास हवे. वरील उदाहरणात त्या मायक्रोस्विचवर थेट ११ व्होल्ट दिसले असते, आणि शोध तिथेच संपला असता.

हाच नियम शक्ती-परिपथात अधिक निष्ठुरपणे लागू होतो. मुख्य कॉन्टॅक्टरच्या झिजलेल्या बिंदूंचा रोध केवळ दहा मिलिओहम असला, तरी २०० अँपिअर धारेला तिथे २ व्होल्टची घट होते आणि ४०० वॅट उष्णता निर्माण होते. सामान्य मल्टिमीटरच्या ओहम मापनश्रेणीत दहा मिलिओहम आणि शून्य यांत फरक दिसतच नाही. घट मोजूनच तो कळतो.

आणखी एक सापळा येथे नमूद करणे आवश्यक आहे. अनेक आधुनिक नियंत्रक कॉइलचे धन टोक किल्लीमार्गे कायम जोडलेले ठेवतात आणि ऋण टोक आतील ट्रान्झिस्टरने जोडतात वा तोडतात. मीटरचे काळे टोक बॅटरीच्या ऋण अग्रावर ठेवून मोजल्यास, कॉन्टॅक्टर ओढलेला नसताना कॉइलच्या दोन्ही टोकांवर ४८ व्होल्ट दिसतात. दोन्हीकडे दाब म्हणजे कॉइल ‘मिळाली’ आहे असे नव्हे. धारा वाहत नाही, नियंत्रकाने आज्ञाच दिलेली नाही, असा त्याचा अर्थ. मापन कॉइलच्या दोन टोकांमध्येच व्हावयास हवे. त्याचप्रमाणे कॉन्टॅक्टर एकदा ओढला गेल्यावर त्याला धरून ठेवण्यास कमी धारा पुरत असल्याने नियंत्रक स्पंदरूपाने सरासरी दाब कमी करतो. तेव्हा ४८ व्होल्टच्या यंत्रात कॉइलवर त्याहून बराच कमी दाब दिसणे हा दोष नाही.

साखळी लांब असेल तर एका टोकापासून कडी-कडी तपासत जाणे वेळखाऊ ठरते. मधोमध मोजावे, दाब तिथवर पोहोचला असेल तर दोष पुढे, नसेल तर मागे. सोळा जोडांच्या साखळीत अशा चार मोजण्यांत दोषाची जागा सापडते.

पाणी, आम्ल आणि सैल जोड

मधूनच येणाऱ्या दोषांचे मूळ पुष्कळदा कनेक्टरमध्ये असते. शीतगृहातून दमट आवारात वारंवार ये-जा करणाऱ्या यंत्राच्या थंड धातूवर दव साचते आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात शीतगृहाचीही गरज पडत नाही. मास्टबरोबर वाकणाऱ्या केबलमध्ये तर बाहेरून आवरण शाबूत आणि आतून तांबे तुटलेले, अशी स्थिती आढळते. यंत्र सुरू ठेवून, मीटर जोडून, हार्नेस हलवत वाचन कुठे डळमळते हे पाहणे हीच येथील खात्रीची पद्धत होय. ज्या यंत्रांत भाग एकमेकांशी कॅन-बस या दुहेरी तारेने बोलतात, तिथे वीज बंद करून त्या दोन तारांमधील रोध मोजावा. दोन्ही टोकांच्या १२० ओहमच्या रोधकांमुळे तो ६० ओहम यावयास हवा; १२० आल्यास कुठेतरी तार तुटली आहे किंवा एक रोधक गळाला आहे.

बॅटरीवर साचलेले आम्ल व धूळ यांचा विषय वेगळा आहे. मोटारगाडीप्रमाणे फोर्कलिफ्टमध्ये बॅटरीचे ऋण अग्र सांगाड्यास जोडलेले नसते. संपूर्ण परिपथ सांगाड्यापासून अलग ठेवलेला असतो. एका ठिकाणी गळती झाली तर यंत्र चालूच राहते. दुसऱ्या ठिकाणी झाली की सांगाडाच तार बनतो, आणि एखादा स्विच उघडा असूनही त्याला वळसा घालून धारा वाहू शकते. म्हणून पहिली गळतीही गंभीर मानावी. ती शोधण्यासाठी बॅटरीचे अग्र व सांगाडा यांच्यात दाब मोजतात. परंतु डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध सुमारे १० मेगाओहम असल्याने १ मेगाओहमची क्षुल्लक गळतीही ४३ व्होल्टहून अधिक दाखवते आणि घाबरवते. मीटरला समांतर १० किलोओहमचा रोधक लावून पुन्हा मोजावे. वाचन अर्ध्या व्होल्टवर कोसळले तर बॅटरीचा पृष्ठभाग धुऊन कोरडा करणे पुरेसे आहे. टिकून राहिले तर कुठेतरी तारेचे आवरण खरोखर फाटलेले आहे.

लिथियम-आयन बॅटरीच्या यंत्रांत आम्लाचा प्रश्न उरत नाही. मात्र बॅटरीचे स्वतःचे व्यवस्थापन-यंत्र धारा मर्यादित करू शकते वा तोडू शकते, त्यामुळे अनुमतीच्या साखळीत एक कडी वाढते.

‘डायरेक्ट’ करण्याचा प्रश्न

तपासणीपूर्वीची दक्षता थोडक्यात अशी : चालक चाक जमिनीवरून उचलून ठोकळ्यांवर टेकवावे, अंगठी व घड्याळ काढावे, किल्ली बंद केल्यानंतरच बॅटरीचा प्लग ओढावा, आणि प्लग काढल्यावरही नियंत्रकातील धारित्रे भारित असतात हे विसरू नये. ४८ व्होल्टच्या यंत्रात सुमारे १०० ओहमचा, २५ वॅटचा रोधक नियंत्रकाच्या धन व ऋण अग्रांत काही सेकंद धरून ती रिकामी करावी. चार्जिंगच्या जागी हायड्रोजन साचत असल्याने तिथे ठिणगी उडेल असे कोणतेही काम करू नये.

खरा धोका मात्र तपासणीनंतर सुरू होतो. आसनाचा स्विच सदोष आहे हे कळले, नवा स्विच हाताशी नाही, आणि बाहेर ट्रक रांगेत उभे आहेत. अशा वेळी दोन तारा पिळून एकत्र केल्या जातात. कारखान्याच्या भाषेत स्विच ‘डायरेक्ट’ केला जातो. यंत्र धावू लागते, सर्वांचे समाधान होते आणि ती तार वर्षानुवर्षे तशीच राहते. तपासणीच्या ओघात क्षणभर स्विचला वळसा घालणे, तेही चाक अधांतरी असताना, समजण्यासारखे आहे. पण तोच उपाय म्हणून यंत्र कामावर पाठवणे म्हणजे दोष दुरुस्त करणे नव्हे, तर तो दिसेनासा करणे होय. चालक आपल्या जागी नसताना यंत्र चालू नये, अशी आयएसओ ३६९१-१ या आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा आहे, आणि तिला कारण आहे. प्रतिभारावर तोललेले फोर्कलिफ्ट वळणावर कलंडते तेव्हा बाहेर उडी घेणारा चालक डोक्यावरील संरक्षक चौकटीखाली सापडतो. तसेच चालक उतरून मास्टजवळ वाकला असता पेडलवर पडलेली एखादी वस्तूही यंत्र हलवू शकते. सतराशे भानगडींत हा एक स्विच तेवढा उगाच बसवला आहे, अशी समजूत बाळगणाऱ्या व्यवस्थापकांनी हे ध्यानात घ्यावे.

येथे अध्यापकांचाही संबंध येतो. आयटीआय, तंत्रनिकेतन वा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला सहसा निर्दोष परिपथ जोडण्यास दिला जातो. दोषयुक्त परिपथ दिला जात नाही. एक किल्ली, तीन मायक्रोस्विच, एक रिले आणि त्यांच्यात लपवलेला ३० ओहमचा रोधक एवढ्या सामग्रीवर वरील सर्व हिशेब एका तासिकेत प्रत्यक्ष दाखवता येतो. विद्यार्थ्याने आधी तार सोडवून आणि मग जोडून मोजावे. दोन वाचनांतील फरक तो विसरणार नाही.

दुरुस्तीनंतरची चाचणी संकेतांक पुसल्याने पूर्ण होत नाही. आसनावरून उठल्यावर यंत्र थांबते का, पेडल दाबून किल्ली फिरवल्यास ते हलण्यास नकार देते का, आणीबाणीचा स्विच वीज तोडतो का, आणि हे सर्व बॅटरी उतरलेली व यंत्र तापलेले असतानाही घडते का, हे तपासावे. नोंदवहीत ‘यंत्र सुरू केले’ एवढेच न लिहिता कोणत्या दोन टोकांत किती व्होल्ट मिळाले आणि दुरुस्तीनंतर किती झाले, ते आकडे लिहावेत. सहा महिन्यांनी तोच संकेतांक पुन्हा उमटला, तर पुढच्या मेकॅनिकला पहिले मापन कुठे घ्यायचे ते या नोंदीवरून कळेल.